एकट्याने मोबाइल ॲपचा व्यवसाय: पहिल्या कोटेशनपासून वर्षानुवर्षांच्या मेंटेनन्सपर्यंत

मोबाइल ॲप बनवायला एक माणूस पुरतो. कोटलिन किंवा फ्लटर ही ॲप बनवायची साधनं येणारा, डिझाइनची थोडी जाण असलेला आणि सर्व्हरची भीती नसलेला कोणीही तीन-चार महिन्यांत नीट चालणारं ॲप उभं करू शकतो. खरी अडचण नंतर सुरू होते. दोन वर्षांनी प्ले स्टोअरची मेल येते की ॲप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं आहे, अपडेट करा. क्लायंट म्हणतो, "पैसे तर आपण तेव्हाच दिले होते." करारात याबद्दल एक ओळही नसते. मग आठवडाभर फुकट काम करायचं किंवा संबंध बिघडवायचे, एवढंच हातात उरतं.

म्हणून या लेखात कोडिंगपेक्षा कोडिंगच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त भर आहे: कागद, दर, करार, अकाउंट आणि मेंटेनन्स. माझ्या मते एकट्या माणसाचा व्यवसाय मेंटेनन्सवर टिकतो. नवं काम कधी येतं, कधी येत नाही. चालू असलेल्या आठ-दहा ॲप्सचं वार्षिक बिल मात्र ठरलेलं येतं. पुढचे सगळे निर्णय हे डोळ्यासमोर ठेवून घ्यायचे आहेत.

आधी कागदपत्रं

सुरुवातीला कंपनी काढायची गरज नाही. प्रोप्रायटरशिप पुरते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजके कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्याची पावती म्हणजेच आपण ज्याला शॉप ॲक्ट म्हणतो तो कागद. व्यवसायाच्या नावाने करंट अकाउंट उघडताना बँक बहुतेक वेळा हाच मागते. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालवू नका. मार्चमध्ये सीएसमोर बसल्यावर याची किंमत कळते.

दुसरी नोंदणी उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत होते. पैसे मागणाऱ्या दिसायला सारख्या साइट्सपासून सावध राहा. अनेक जण हे प्रमाणपत्र कर्जापुरतं काढतात, पण आपल्याला त्याचा खरा उपयोग वसुलीत होतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) ही तरतूद आली. ही मुदत चुकवून दिलेल्या रकमेची वजावट क्लायंटला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळते. ज्याच्या हिशोबाचं ऑडिट होतं तो क्लायंट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःहून फोन करतो, तो यामुळे. उद्यम क्रमांक काम घेण्याआधी काढा आणि प्रत्येक बिलावर छापा.

जीएसटी सेवा व्यवसायाला वर्षाच्या २० लाख उलाढालीनंतर लागतो. परदेशातून आलेले पैसेही या २० लाखांत मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. मर्यादेच्या आत असाल तर दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटला सेवा दिली तरी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी झाल्यावर परदेशी क्लायंटच्या कामावर कर न भरता बिल करायचं असेल तर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला दिलेलं हमीपत्र, भरावं लागतं. बाहेरून पैसे आले की बँकेकडून आवक रकमेचा दाखला मागून फाइलला लावा. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, विचारते. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पी०८०२ आहे.

प्रोफेशनल टॅक्सचं नावनोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे पीटीईसी, काढायचं. वर्षाला २,५०० रुपये. आयकरात बहुतेकांना ४४एडीए हे कलम सोयीचं पडतं: ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा धरून कर भरायचा. सगळा ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चला एकदम भरता येतो. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तरी सीएला '४४एडीए' म्हटलं की कळतं. स्वतःच्या ॲपमधून जाहिराती किंवा सबस्क्रिप्शनचे पैसे येत असतील तर ते याच कलमात बसवायचे की नाही, हे मात्र त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

साधनं

इथे फार विचार नको. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट. आयफोनचं काम घेणार असाल तर मॅक हवाच. मॅक मिनी सर्वांत स्वस्त पडतो. तंत्रज्ञान जे येतं तेच वापरा. क्लायंटला दोन्ही स्टोअर हवे असतील आणि करणारे तुम्ही एकटे असाल तर फ्लटरसारखं एका कोडवर चालणारं साधन व्यवहाराचं ठरतं. एक गोष्ट मात्र पाळा: सगळ्या क्लायंटची ॲप्स एकाच तंत्रज्ञानात असू द्या. एकट्या माणसाला चार भाषांतली आठ ॲप्स सांभाळणं जमत नाही.

फोन मात्र चार-पाच हवेत, आणि तेही स्वस्तातले, जुने. आपला वापरकर्ता ज्या फोनवर काम करतो तो ओएलएक्सवर सहज मिळतो. तीन जीबी रॅम, भरत आलेलं स्टोरेज, चरा गेलेली काच. ॲप तिथे चाललं की सगळीकडे चालतं.

पहिली भेट: वही मागा

समजा, सांगलीकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या चालकांनी बोलावलं आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, ॲपचे किती होतील?"

त्या क्षणी आकडा सांगू नका. "दादा, आधी तुमची वही दाखवा," म्हणा.

वहीत सभासद क्रमांक, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम असते. वरवर पाहता हे सात रकाने आणि एक बेरीज. पण पानं उलटत विचारत गेलं की काम दिसू लागतं. गाय आणि म्हैस यांचं दरपत्रक वेगळं. संघाने दर महिन्याच्या मध्येच बदलला तर मागच्या नोंदी जुन्याच दराने राहायच्या. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात होते. कपात बिलापेक्षा जास्त निघाली तर बाकी पुढच्या बिलात ओढायची. पहाटे नेट नसतं तेव्हा नोंद फोनमध्येच राहिली पाहिजे, आणि नेट आल्यावर ती दोनदा चढता कामा नये. चुकीची नोंद कोण दुरुस्त करू शकतो? दुरुस्ती केल्याचं सभासदाला दिसलं पाहिजे का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच टाळत नाही, कारण गावात ॲपवरचा विश्वास याच उत्तरावर ठरतो.

घरी आल्यावर दोन-तीन पानांचा कागद मराठीत लिहा. कोणते पडदे, कोणते रिपोर्ट, कोण काय करू शकतो. मग वेगळं शीर्षक देऊन 'या कामात काय नाही' तेही लिहा: वजनकाटा आणि फॅट मशीनची जोडणी नाही, आयफोन नाही, जुन्या वहीतला डेटा भरून देणं नाही. पुढची निम्मी भांडणं या यादीमुळे मिटतात. क्लायंटला कागद वाचून दाखवा, पानापानावर सही घ्या.

दर कसा काढायचा

बाजारात काय चाललंय ते विचारून दर ठरवला की कॉलेजच्या मुलाशी स्पर्धा होते. उलटीकडून या. वर्षाला घरखर्च, विमा, साधनं, कर आणि थोडी शिल्लक मिळून नऊ लाख लागतात असं धरू. वर्षातले सगळे दिवस बिल करता येत नाहीत. फोन, भेटी, कोटेशन, आजारपण, गणपती, दिवाळी, शिकण्यात गेलेला वेळ वजा केला की बिल करण्याजोगे साधारण १३० दिवस हाती राहतात. म्हणजे दिवसाचा दर सुमारे ७,००० रुपये.

आता कागदावरच्या प्रत्येक पडद्याला दिवस लावा. लॉगिन दोन, नोंद पडदा चार, बिल आणि कपात सहा, असं करत २५ दिवस आले, तर त्यात सहा दिवस वाढवा. टेस्टिंग, स्टोअरवर चढवणं आणि न दिसलेल्या गोष्टी त्यात जातात. ३१ दिवस, म्हणजे २ लाख १७ हजार. हा आकडा सांगताना कचरू नका. क्लायंटला जड वाटला तर दर कमी न करता काम कमी करा: "रिपोर्टचा भाग पुढच्या टप्प्यात करू." दर एकदा उतरला की तो त्या गावात तुमचा कायमचा दर होतो.

त्याच कोटेशनमध्ये मेंटेनन्सचा आकडा हवा. बांधणीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के वर्षाला, ही मी योग्य मानत असलेली पट्टी आहे. वरच्या उदाहरणात २० टक्क्यांनी ४३,४०० रुपये. त्यात काय येतं तेही लिहा: स्टोअरच्या नियमांप्रमाणे अपडेट, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीवर चालवून पाहणं, क्रॅश दुरुस्ती, सर्व्हरची देखरेख. नवा पडदा त्यात येत नाही. सर्व्हर, डोमेन आणि एसएमएस यांचं बिल थेट क्लायंटच्या कार्डवर जाऊ द्या.

हप्ते असे ठेवावेत: ३० टक्के काम सुरू करण्याआधी, ३० टक्के पहिलं चालणारं बिल्ड, म्हणजे फोनवर टाकून बघता येणारं ॲप, हातात दिल्यावर, ३० टक्के स्टोअरवर चढवण्याआधी, उरलेले १० टक्के महिनाभराने. ॲडव्हान्सशिवाय काम सुरू करू नका, ओळखीतल्या माणसाचं तर मुळीच नाही. कंपनी क्लायंट टीडीएस कापून पैसे देतो. कापलेली रक्कम आयकराच्या २६एएस या पत्रकात दिसते का ते दर तिमाहीला तपासा. कापून न भरणारे असतात.

करारातल्या दोन ओळी

स्टॅम्प पेपर असो वा नसो, दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

पहिली, कोड कोणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक कंपनी असते, पण स्वतंत्र काम करणाऱ्याच्या बाबतीत पहिला मालक लिहिणाराच. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरलं जाईल. क्लायंटला हे माहीत नसतं. तुम्हीच प्रामाणिकपणे सांगा. माझं मत: पूर्ण पैसे मिळाल्यावर ॲपचा कोड कायमसाठी आणि सर्व देशांसाठी क्लायंटचा, आणि तुम्ही आधीपासून वापरत आलेली सामायिक मॉड्यूल्स, उदाहरणार्थ लॉगिन किंवा पीडीएफ बिल बनवणारा भाग, तुमचीच, क्लायंटला ती वापरायचा कायमचा परवाना. 'पूर्ण पैसे मिळाल्यावर' हे शब्द गाळू नका.

दुसरी ओळ स्टोअर अकाउंटची आहे, आणि तिला वेगळा भाग द्यावा लागेल.

स्टोअर अकाउंट कोणाच्या नावाने

उत्तर एकच: क्लायंटच्या नावाने. "तुमच्याच अकाउंटवर टाका ना सर, कशाला पंचवीस डॉलर घालवायचे," असा आग्रह होतो. मान्य करू नका. गूगल एका अकाउंटवरच्या गंभीर उल्लंघनासाठी पूर्ण अकाउंट बंद करू शकतं आणि त्याच्याशी जोडलेली दुसरी अकाउंटही. एका क्लायंटने भलताच मजकूर टाकला तर बाकीच्या सगळ्यांची ॲप्स त्याच्याबरोबर जातात. ॲपललाही बँकिंग, आरोग्य अशा क्षेत्रांतली ॲप्स सेवा देणाऱ्या संस्थेकडूनच यायला हवी असतात.

गूगल प्ले कन्सोलची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. संस्थेच्या नावाने अकाउंट काढायला डन्स नंबर, म्हणजे संस्थेचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. तो मोफत मिळतो, पण वेळ लागतो, म्हणून ॲडव्हान्स आल्याच्या दिवशीच अर्ज करा. कागदांवरचं नाव-पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. एकीकडे 'रोड' आणि दुसरीकडे 'मार्ग' असेल तरी अर्ज अडकतो.

वैयक्तिक अकाउंटची गोष्ट वेगळी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले अकाउंटला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२. सलग १४ दिवस ते सामील राहिले पाहिजेत. स्वतःचं ॲप काढणाऱ्याने हे दोन आठवडे आधीच हिशोबात धरावेत. पैसे देऊन टेस्टर घेण्यापेक्षा ज्यांच्यासाठी ॲप आहे त्यातलेच पंधरा जण गोळा करा, दोघं-तिघं गळतातच. आणखी एक: वैयक्तिक अकाउंटवरून पैसे कमावणारं ॲप टाकलं की तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसतो. घरी बसून काम करणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींनी, हे अकाउंट उघडण्याआधीच लक्षात घ्यावं.

क्लायंटच्या अकाउंटवर तुम्ही आमंत्रित वापरकर्ता म्हणून काम करा. मालकाचा पासवर्ड तुमच्याकडे नको. ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली प्लेच्या साइनिंग सेवेत गूगलकडे असते, तुमच्याकडे अपलोडची किल्ली. ती हरवली तर बदलून मिळते. तरी ही किल्ली असलेली कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी ठेवा.

मराठी वापरकर्त्यासाठी बांधताना

इथे मोठ्या शहरातल्या टीमही गडबडतात, म्हणून थोडं थांबतो.

डिझाइनमध्ये बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते. तिथे 'नोंदी', 'खर्च', 'दुरुस्ती' लिहिलं की वरचा रफार आणि वेलांटी कापली जाते, खालचा उकार दिसेनासा होतो. उंची पक्की बांधू नका, ओळींमधलं अंतर वाढवा आणि हे शब्द मुद्दाम टाकून बघा. 'वऱ्हाड' आणि 'सुऱ्या' हेही टाका. फॉन्टमधला ऱ लगेच उघडा पडतो.

याहून लपलेली गोष्ट अंकांची. फोनची भाषा मराठी असली की कोटलिन-जावामधलं स्ट्रिंग फॉरमॅट करणारं फंक्शन आकडे देवनागरीत लिहितं. पडद्यावर ते छान दिसतं, पण तोच मजकूर सर्व्हरला किंवा डेटाबेसला गेला की रक्कम नाकारली जाते, किंवा तारखेची तुलना चुकते. तुमचा स्वतःचा फोन इंग्रजीत असतो, म्हणून तुम्हाला हे कधीच दिसत नाही. दिसतं ते ज्यांच्यासाठी ॲप बनवलं त्यांनाच. दाखवायचा आकडा वापरकर्त्याच्या भाषेत बनवा, आणि पाठवायचा किंवा साठवायचा आकडा नेहमी 'रूट' लोकेल, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं सेटिंग, देऊन. टेस्टिंगचा एक फोन कायम मराठीत ठेवा.

तिसरं, बॅकग्राउंड काम. काही स्वस्त फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप परस्पर बंद करतात. सकाळी सहाची आठवण वाजतच नाही. महत्त्वाचं काम फक्त अलार्मवर सोडू नका, ॲप उघडल्यावर राहिलेलं काम पूर्ण होईल असं बांधा.

स्टोअरवर चढवताना

नाकारलं जाण्याची कारणं बहुधा साधीच असतात. खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच काढून टाकायची सोय हवी. ॲपलने हे ३० जून २०२२ पासून सक्तीचं केलं आणि प्लेला त्याखेरीज वेबवरची लिंकही लागते. डेटा सेफ्टीचा फॉर्म भरताना क्रॅश रिपोर्टिंग आणि जाहिरातींच्या लायब्ररी काय गोळा करतात तेही धरावं लागतं. एसएमएस आणि कॉल लॉगची परवानगी मागूच नका. ओटीपी वाचायला वेगळी सोय आहे. रिव्ह्यू करणाऱ्यासाठी चालणारं लॉगिन द्या, ओटीपी न लागणारं. डिजिटल गोष्ट विकत असाल तर स्टोअरच्या बिलिंगचे नियम लागू होतात, पेढे किंवा पुस्तक विकत असाल तर नेहमीचं यूपीआय गेटवे चालतं. २०२१ मध्ये दोन्ही स्टोअरनी छोट्या डेव्हलपरसाठी ३० ऐवजी १५ टक्के कमिशन आणलं. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ती आठवणीने करा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ चे त्याचे नियम आपल्यालाही लागू आहेत. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. सगळ्यात सोपा उपाय: लागत नाही तो डेटा घेऊच नका. दुधाच्या ॲपला सभासदाचा आधार क्रमांक कशाला हवा?

अपडेट एकदम सगळ्यांना सोडू नका. प्लेवर आधी पाच टक्क्यांना द्या, दोन दिवस क्रॅशचे आकडे बघा, मग वाढवा. प्लेच्या हिशोबात वापरकर्त्याला जाणवणारे क्रॅश १.०९ टक्क्यांच्या वर आणि ॲप गोठण्याचं प्रमाण ०.४७ टक्क्यांच्या वर गेलं की स्टोअरमध्ये ॲप मागे पडू शकतं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका; शनिवार-रविवारी फोन घेणारे तुम्हीच असता.

वर्षाचं वेळापत्रक

भिंतीवर किंवा फोनमध्ये, पण लिहिलेलं हवं. मार्चमध्ये ॲडव्हान्स टॅक्स, थकलेल्या बिलांची आठवण आणि पुढच्या वर्षाचं एलयूटी. जूनअखेर पीटीईसी. मग ३१ ऑगस्ट: प्ले स्टोअर दरवर्षी साधारण या तारखेपर्यंत अपडेटसाठी नवी टार्गेट आवृत्ती, म्हणजे ॲप ज्या अँड्रॉइडसाठी बनवलंय ती, मागतं. २०२५ मध्ये ती अँड्रॉइड १५ ची होती. दुर्लक्ष केलं तर अपडेट चढत नाही, आणि आणखी मागे राहिलं तर नवा फोन घेतलेल्यांना ॲप सापडतच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून १६ केबी मेमरी पेजला, म्हणजे फोनच्या मेमरीच्या मोठ्या तुकड्यांना, चालणारं बिल्डही लागू लागलं. जुनी लायब्ररी वापरणाऱ्यांची त्यात धावपळ झाली. म्हणून जून-जुलै हे दोन महिने मी नवं मोठं काम घेत नाही, सगळी ॲप्स ओळीने वर आणतो. मेंटेनन्सचं बिल एप्रिलमध्येच पाठवलेलं असलं की या कामाला कोणी 'फुकटचं' म्हणत नाही.

तुम्ही आजारी पडलात तर

क्लायंट हा प्रश्न विचारतो, आणि विचारायलाच हवा. उत्तर तयार ठेवा. प्रत्येक ॲपचा कोड क्लायंटच्याही नावाने असलेल्या खाजगी रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेत, त्यात एक मराठी फाइल: बिल्ड कसं करायचं, सर्व्हर कुठे आहे, बॅकअप रोज कुठे पडतो, कोणती गोष्ट कधी संपते. तुमच्यासारखाच एकटा काम करणारा एक भरवशाचा मित्र किंवा मैत्रीण शोधा आणि एकमेकांची ॲप्स वर्षातून एकदा खरोखर बिल्ड करून बघा. त्यात फाइलमधल्या सुटलेल्या पायऱ्या सापडतात. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन मेंटेनन्सच्या करारात लिहा, आणि अशा वेळी तिच्या दिवसांचे पैसे कोण देणार तेही त्याच परिच्छेदात ठरवून टाका.